आगारीत चुकलेलं नाव

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर पोस्टमनही तुझा पत्ता शोधून दमेल, तरी लिहितोय. घरात ऐकणाऱ्यांची टंचाई आहे. रिटायर होऊन सात वर्षं झाली. वीज खात्यात मीटर रीडिंग करता करता इतवारा मोहल्ल्यातल्या एकूण एक गल्ल्या तुडवल्या. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा न्हाणीशेजारी, कुणाचं कुत्रं चावरं, सगळं तोंडपाठ होतं. आता मी घरातला बिनपगारी शिपाई आहे. सकाळी दूध, मग भाजी, मग विसरलेली कोथिंबीर, मग कोथिंबीर घेतली तिथंच विसरलेली पिशवी. तुझी सून म्हणते, "तुम्हाला एक काम सांगितलं की माझी तीन वाढतात." मी हसतो. गुडघे कुरकुरतात, दात काढून वाटीत ठेवावे लागतात, नातवंडं आली की ती वाटी पाहून पळतात. इथवर ठीक होतं. चार घरी विचारलं तरी हेच ऐकू येतं.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे पोरांच्या अक्षय तृतीयेला, जे झालं ते मात्र चार घरी होत नसेल. माझा मुलगा इंदूरहून बायकापोरांसह आला होता. घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज, ताटात पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. मी गोवरीच्या निखाऱ्यांपुढे बसून आगारी टाकतोय. गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं, तुपातला घास विस्तवावर ठेवायचा, भोवती पाणी फिरवायचं. बाबा गेल्यापासून दरवर्षी मीच करतो. आजोबा झाले, आजी झाली, बाबा झाले. मग तुझा घास उचलला आणि नाव घेतलं ते तुझ्या सुनेचं. चांगली जितीजागती बाई, माझ्या मागेच तुपाची वाटी घेऊन उभी. घास चर्रकन जळला. मेलेल्यांच्या घासावर जिवंत माणसाचं नाव, त्यापेक्षा अशुभ ते काय? मग तीच म्हणाली, "चला, माझ्या जेवणाची सोय आतापासूनच झाली." सगळे हसले. मीही गंमत केल्यासारखं दाखवलं. पण दुसरा घास हातात घेऊन बसलो तर तुझं नाव येईना. बोटांना चटका बसायला लागला तरी येईना. शेवटी नुसतं "माय" म्हणालो आणि टाकला. आपल्या खानदानात अशा किती माया होऊन गेल्या असतील, तुझा घास तुलाच पोचला का गं?

तुझंही असंच सुरू झालं होतं. आधी वरणात मीठ दोनदा पडायचं, मग मलाच भाऊजी म्हणायला लागलीस. मग तुझी रोजच आखाजी सुरू झाली. भर थंडीतसुद्धा सकाळी दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर बसायचीस. "भाऊजी, मुराळी आला का? मले शाहपुरले जायाचं हाय." आखाजीला लेकी माहेरी जातात, तसा तुझा भाऊ गाडी जुंपून तुला माहेरी न्यायला येणार होता. मामाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला मी म्हणायचो, येईल संध्याकाळपर्यंत. पण दिवसातून वीसदा कोण म्हणणार? मी उन्हातून गल्ल्या पालथ्या घालून आलेलो असायचो. एक दिवस डोकं फिरलं आणि ओरडलो, "मेला तो. तुझा भाऊ मेला, माय. कितीदा सांगू?" तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि ऊर बडवून रडायला लागलीस, कुणी आत्ताच सांगावा आणल्यासारखी. रडून रडून थकलीस आणि दोन तास गप्प पडून राहिलीस.

ते दोन तास माझ्या ध्यानात राहिले, हेच वाईट झालं. कारण मग मी मुद्दाम सांगायला लागलो. दुपारी पाठ टेकायची असली की सांगायचो. पाहुणे यायचे असले की सांगायचो. तुला दरवेळी ती बातमी नवीच असायची. तुझी सून म्हणायची, "नका हो असं करू, येतोय म्हणायला काय जातं तुमचं?" मी म्हणायचो, मी खरं तेच सांगतो, मला खोटं बोलता येत नाही. दीड वर्ष तू एकाच भावासाठी रोज नव्यानं रडलीस आणि रडवणारा मी होतो. लाज वाटते, माय. तेव्हा नाही वाटली.

माझा मुलगा माझ्यावर ओरडत नाही. पिशवी विसरलो तर गुपचूप जाऊन घेऊन येतो, रस्ता ओलांडताना दंड धरतो. आखाजीनंतर दोन दिवसांनी आम्ही पोहे खायला बसलो तेव्हा म्हणाला, "पप्पा, सोमवारी डॉक्टरला दाखवून घेऊ. घरात आणखी कुणाला था क्या, हे पूछेंगे वो. आजीला असं काही होतं का?" तुझे ते दिवस त्याने पाहिलेच नाहीत, तो तेव्हा होस्टेलवर होता. त्याला आठवते ती सांजोऱ्या वळणारी आजी. मी म्हणालो, "छे, तुझी आजी शेवटपर्यंत खणखणीत होती." तुझ्या सुनेचा पोहे वाढणारा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाढायला लागली. आधी आजी, मग बाप, आता आपला नंबर, असा घोर पोराला कशाला लावा, अशी मी मनाची समजूत घातली. पण तसं नाही ते. हो म्हणालो असतो तर त्याने पुढचं विचारलं असतं, मग तुम्ही तिला कसं सांभाळलं?

आज रविवार. उद्या डॉक्टरांना औषध ठरवायला खरं कळायला हवं, एवढी अक्कल अजून शाबूत आहे. खरं सांगायचं ठरवलंय, आणि एकदा लिहून काढलं तर तोंडातून निघेल म्हणून हे लिहायला बसलो. हा कागद जुन्या मीटर रजिस्टरात ठेवीन, तुला पाठवणार तरी कुठे? मघाशी मुलगा आत डोकावला, "पप्पा, चाय लाऊं?" म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. माय, त्याला यातलं काहीच माहीत नाही, याचं मला फार बरं वाटलं.