कोऱ्या पानावर अंगठा

२३ जून, सोमवार

नात आठवीत गेली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आता युसूफ वडगावची मोठी शाळा. आठ दिवसांत रडून घर डोक्यावर घेतलं. गणित इंग्रजीतून हाय म्हणे! त्यात सरांनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहा, हात सुटंल. हिला काय बी सुचंना. म्हणलं यशे, मी बोलते, तू लिही. रोजनिशी माझी, अक्षर तुझं. मला वाचता येत न्हाई, म्हणजे माझ्याकडून तरी रोजनिशीतलं कुणाला कळायचं न्हाई!

हे बी लिहू का, म्हणली. म्हणलं, सगळं लिही.

२४ जून

आज दोघींना बी कंटाळा.

६ जुलै, रविवार

लेक संजय अन् सून पंचशीला दिवाळी झाली की ऊसतोडीला जातेत, माजलगावकडं. धाकटा युवराज अजून अंगावर पितो, तो त्यांच्यासंगंच. आज जेवताना संजय म्हणला, "दिवाळीपर्यंत बघू. शाळेत चित्त लागलं तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर यशीला नेऊ संगं."

यशी भात चिवडत बसली. तोंड असं झालतं, जणू कुणी चिंच चारली. आता लिहिताना बी तसंच हाय.

१२ जुलै

अभ्यासाच्या वहीवर रोज घरच्याची सही लागते. आई-बाप रानात, घरात मी. सही म्हणजे माझा अंगठा. वर्गात अंगठ्याची वही हिची एकटीचीच, म्हणून लाज वाटते बाईसाहेबांना. म्हणलं, बाकीच्यांच्या सह्या पोरंच ठोकतेत. माझ्या अंगठ्याची नक्कल करून दाव की!

बोलायला नको होतं. डोक्यात उजेड पडला तिच्या.

२० जुलै, रविवार

दुपारी जरा आडवी झालते. उठले तर अंगठा निळाशार! शेजारून जाऊ आली, दगडाबाई. म्हणली, "काय गं, झोपेत रान इकलं का?"

यशी माजघरात, वही फ्रॉकाखाली. ओढून काढली. पुढच्या आठ दिवसांच्या कोऱ्या पानांवर माझे अंगठे! अभ्यास करायचाच न्हाई, अंगठा तयारच. मी घोरत होते अन् ही माझा हात धरून शिक्के मारत होती. हसू दाबता दाबता ठसका लागला मला. हसले असते तर गेलंच होतं सगळं.

मग सांगितलं. तुझ्या आज्यानं, कचरूनं, एकदा ऊसतोडीच्या मुकादमाच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिलता. बोलणं एका सालाचं झालतं, पण दुसरं साल बी त्याच्याच टोळीत काढावं लागलं. कागदावर वरून काय लिहिलं ते आमाला कळलंच न्हाई. तवापासून मी कोऱ्या कागदाला अंगठा लावत न्हाई. जीव गेला तरी न्हाई.

पानं फाडली. तिच्याच हातानं फाडायला लावली. रडली. लिही, रडली म्हणून.

२५ जुलै

शाळेत गेलते. आप्पाराव सर म्हणजे मला वाटलं कुणी मिशीवाला बाप्या. निघालं कालचं पोरगं, शर्टाला इस्त्री अन् पोटाला काय न्हाई. मी म्हणलं, सर, मला अक्षर कळत न्हाई, अभ्यास केला का न्हाई कसं कळावं? तर म्हणला, "आजी, तिला मोठ्यानं वाचायला लावा. जिथं अडंल, तिथं परत. मग अंगठा."

पोरगं हुशार हाय. जेवायला बोलावून आले.

७ ऑगस्ट

यशी वाचते, मी भाजी निवडत ऐकते. चोर लई! तीन दिवस तोच धडा वाचला, सरसर, पाण्यासारखा. तिला वाटलं म्हातारीला काय कळतं. म्हणलं, परवा बी नदी याच डोंगरातून निघाली, काल बी, आज बी. कधी तरी समुद्राला मिळू दे तिला!

आता नवीन धडा. दर दोन शब्दाला ठेच. अंगठा दिला न्हाई.

८ ऑगस्ट

आज बी न्हाई.

११ ऑगस्ट

दिला. अर्धा द्यावा वाटत होता.

२१ सप्टेंबर, रविवार

गणित वाचताना ते इंग्रजी शब्द मला बी पाठ झाले. भाकरी थापताना तोंडातून "इक्वल टू" निघालं. पंचशीला बघतच ऱ्हायली. यशी इतकी हसली की पीठ सांडलं. मग आईला गणित समजावून सांगाय लागली, चुलीपुढं, राखंत बोटानं लिहून. मी भाकरी थापत ऐकलं. एकदा बी अडली न्हाई. कौतुक केलं न्हाई, डोक्यावर बसंल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सहामाहीचे पेपर तपासून मिळाले. गणितात पास! सर म्हणले, वर्गात वर आली. संजयनं पेपर दोनदा उलटून बघितला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं झालं आता, जिंकलो.

मग म्हणला, "आई, पास झाली, लई चांगलं झालं. पण युवराजला कोण धरील? आमी दोघं ऊसाच्या फडात. चालाय लागलाय तो आता. पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं, दारापुढून ऊसाच्या गाड्या जातेत."

पंचशीला खाली मान घालून बसली. म्हणजे बोलणं आधीच झालतं दोघांचं. शाळेत चित्त लागलं का न्हाई, हा प्रश्नच नव्हता कधी.

यशीनं पेपर घडी करून ट्रंकेत ठेवला. म्हणली, "आजी, आज लिहायचं न्हाई." म्हणलं, आजच लिहायचं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या पहाटं ट्रॅक्टर. युवराजला धरायला मी चाललेय. यशी दगडाबाईकडं झोपंल, शाळा चुकवायची न्हाई. आज दुपारी शाईची डबी घेऊन बसले अन् अभ्यासाच्या वहीतल्या सगळ्या कोऱ्या पानांवर अंगठा लावला, पार शेवटच्या पानापर्यंत. वाच मोठ्यानं. हे बी लिही.