पाठीमागून मारलेली हाक

जुनवानी, भिलाई
रविवार, दुपार

प्रिय आमू,

सप्रेम जयभीम. आधी एवढं वाच आणि मग पुढे जा: तुझा मोनू बरा आहे. ताप नाही, पडला-झडला नाही, काल पोटभर वरणभात खाऊन वर आजीच्या ताटातलं लोणचं चाटलं आणि तोंड वाकडं करून पुन्हा चाटलं. पण हे पत्र त्याच्याबद्दलच आहे, आणि लिहिताना मला भीती वाटते आहे. तुला हसू येईल. अंगणवाडीत शिरलेला नाग झाडूच्या दांड्यानं हुसकावणारी ही तुझी ताई, तिला कसली भीती? पण खरंच पाचावर धारण बसली आहे माझी.

फोनवर का नाही सांगितलं, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबांमुळे आपला फोन कायम स्पीकरवर, तोही पूर्ण आवाजात. शेजारच्या सिंधुताईंना तुझी ड्यूटी माझ्याआधी कळते. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं, पण मग डोळ्यांसमोर आलं की तू झारसुगुड्याच्या पुढे कुठेतरी सिग्नलला उभी आहेस, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटीच, हातात झेंडी, आणि हे वाचते आहेस. ते मला नको होतं. पत्र क्वार्टरवर येईल. प्रफुल घरी असेल तेव्हाच, दोघं नवरा-बायको मिळून उघडा.

मागच्या महिन्यात आमचं ट्रेनिंग झालं, तुला सांगितलं होतं. आता देशभर अंगणवाडी सेविकांना शिकवायचं चाललं आहे. पहिलीत जायला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्याआधीची तीन वर्षं शाळेइतकीच मोलाची, आणि ती आमच्या हातात आहेत, असं म्हणे आता वर सगळ्यांना पटलं आहे. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की आमच्या हातात फक्त खिचडी वाढायची पळी आहे. तर गाणी, बाहुल्या, मातीचे खेळ, सगळं करून दाखवलं आणि आमच्याकडून करवून घेतलं. चाळिशी ओलांडलेली मी बेडूक होऊन हॉलभर उड्या मारत होते. घरी आल्यावर जिना चढवेना. सांगायला हरकत नाही, मला मजा आली. बारावीनंतर मला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी तेजराम सर म्हणून एक जण आले. साधा माणूस, अर्धं हिंदी, अर्धं छत्तीसगढी बोलणारा. मुलांमधलं वेगळेपण लवकर कसं ओळखायचं, यावर ते बोलले. पहिलंच वाक्य म्हणाले, "लइका देरी ले गोठियाथे त पहिली ओकर कान देखव." मूल उशिरा बोलतंय ना, मग आधी त्याचे कान बघा. मग ते एकेक खूण सांगत गेले. हाक मारल्यावर न वळणारं मूल. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणारं. हात धरून ओढत नेऊन वस्तू मागणारं. दार आपटलं तरी झोपेत न दचकणारं. बाकीच्या बाया आपापल्या केंद्रातली मुलं आठवत होत्या. मला प्रत्येक खुणेला आपला मोनूच दिसत होता, आमू.

आपण सगळ्यांनी किती छान कारणं शोधून ठेवली होती बघ. आई म्हणते, "घरात एक बोली, गल्लीत दुसरी, अंगणवाडीत तिसरी. लेकरू गोंधळून रायलं." बाबा म्हणतात, "आपल्या खानदानात पोट्टे उशिरानंच बोलते. तुया काका चार वर्साचा होऊन बोलला, अन् मंग कोणाले बोलू देल्लं नाही." तू स्वतः म्हणालीस की माझा लेक तीन भाषा एकदम शिकतो आहे, म्हणून वेळ लागतो. आणि भिलाईत हे कुणालाही पटतं, कारण इथे घरोघरी तीन भाषा आहेत. मीसुद्धा केंद्रात येणाऱ्या आयांना हेच सांगत आले.

आणि आपलं घर आठव. कुम्हारीच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात बाबांचे कान गेले, तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. तेव्हापासून या घरात हातानंच बोलणं चालतं. चहा म्हणजे अंगठा ओठाला. जेवण म्हणजे पाची बोटं तोंडाशी. बाबांना बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे त्यांना खाली हादरा कळतो आणि ते वळतात. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलं आहे की मी आणि आई एकमेकींनाही तशाच बोलावतो. मोनू ते सगळं शिकला. चहा दाखवतो, जेवण दाखवतो, पाय आपटला की वळतो. आपल्या घरात ज्याला ऐकू येत नाही त्याचं काहीच अडत नाही. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

रोज संध्याकाळी व्हिडिओवर तू विचारतेस, आई कुठाय? आणि तो पडद्यावर तुझ्या नाकावर बोट ठेवतो. तू किती खूश होतेस. आमू, फोनच्या मागे आपली आई उभी असते आणि आधी ती नाकावर बोट ठेवून दाखवते. तुला फसवायला नाही ग. बाबांना दाखवतो तसं, सवयीनं. मलाही ते ट्रेनिंगनंतरच दिसलं.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा मोनू मागच्या अंगणात पाठमोरा बसून डब्यांची झाकणं एकावर एक रचत होता. मी स्टीलची वाटी आणि चमचा घेतला, पाय न वाजवता त्याच्या मागे गेले आणि वाटीवर चमचा मारला. तो वळला. आमू, उगाच संशय घेतला म्हणून मी स्वतःला चार शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, ऊन माझ्या पाठीवर होतं आणि माझी सावली त्याच्या झाकणांवर पडली होती. मी दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा वाजवलं. मग जोरात वाजवलं. भिंतीवरून सिंधुताई डोकावल्या, "काय वाजवून राहिली वं?" गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. दारात खाटेवर बसलेले बाबा वळले नाहीत आणि मोनूही वळला नाही. मी नावानं हाक मारली. पुन्हा मारली. तो झाकणं रचत राहिला. मग मी पाय आपटला, तसा लगेच वळला आणि मला बघून हसला. आपल्या बाबांसारखाच, आधी डोळ्यांनी हसतो तसा.

तेव्हापासून रोज बघते आहे. कधी वळतो, बहुतेक वेळा नाही. मी डॉक्टर नाही. सर म्हणाले तसं, आपलं काम दिसलं की पुढे पाठवायचं, आजाराला नाव द्यायचं नाही. कानात मळ असेल, पाणी झालं असेल, काहीही असेल. पण मला झोप लागत नाही. भीती वाटते की तू म्हणशील, तुझ्या भरवशावर ठेवला होता ना. भीती वाटते की असं म्हणणारच नाहीस आणि सगळा दोष स्वतःवर घेशील. तर ऐक, तू नोकरीवर गेलीस म्हणून काही झालेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. बाबांना अजून बोलले नाही. माझ्यामुळेच नातवाला आलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं तर त्यांना समजावू कशी? हातांनी तेवढं सांगता येत नाही. पण या सगळ्यांपेक्षा मोठी भीती दुसरीच आहे. सर म्हणाले, जितक्या लवकर कळेल तितकं मूल पुढे बोलेल, कानाला मशीन लागेल, शिकवणाऱ्या बाया आहेत, पण वेळ घालवू नका. आणि आपला मोनू अडीच वर्षांचा होऊन गेला. आपण कारणं सांगत बसलो तेवढा वेळ गेलाच ना.

म्हणून हे लिहिलं. या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी रायपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच्या कानांच्या तपासणीची वेळ मी घेतली आहे, तुला न विचारता. मूल झोपलेलं असताना करतात ती, आणि तुझ्या मांडीवर तो झोपतो तसा माझ्या झोपत नाही. रजा टाक आणि ये. येताना फोन करू नकोस, पुढच्या दारानंही येऊ नकोस. मागून ये. तो अंगणात झाकणं रचत बसला असेल. पाय वाजवू नकोस, उन्हाची बाजू बघून उभी राहा आणि तुझ्या आवाजात त्याला एक हाक मार. मी, आईनं, शेजाऱ्यांनी मारलेल्या हाकेला तो सहसा वळत नाही, पण तुझ्या हाकेला वळेल, अशी एक वेडी आशा मी धरून आहे. वळला तर जन्मभर मला चिडव, मी ऐकून घेईन. नाही वळला तर रडत बसू नकोस. समोर जाऊन बस. तुझं तोंड दिसलं की तो हसेल.

वाट बघणारी, तुझीच ताई,
सुजाता