लिंकमधलं नाव

गोंदिया, १४ डिसेंबर २०१२

प्रिय सोनिका,

पुण्यात तुझं बस्तान बसलं, हे आपल्या ऑफिसातल्या उदारामकडून कळलं. बरं वाटलं. इथे धानाची मळणी उरकत आली आहे, नवेगावच्या तलावावर पक्षी उतरलेत, आणि मी अजून संस्थेत त्याच खुर्चीवर बसून सिकलसेलच्या, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीचं काम बघतो.

तू केलेली व्यवस्था दोन वर्षं बिनबोभाट चालली आहे. आपल्या वेबसाइटवर नोंद झालेल्या माणसाचा अहवाल प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर उघडायचा, एवढंच ते काम. तुझ्या आधीच्या माणसाने सोपी वाट काढली होती: नाव, गाव, आजार, सगळं लिंकमध्येच घालून पुढे पाठवायचं. वेबसाइटच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तू तपासणी शिबिरांतल्या नोंदी भरून चाचणी घेत होतीस. हे सगळं स्क्रीनवर उघडं दिसतं, सायबर कॅफेत आपल्यानंतर बसणाऱ्यालाही सापडतं, असं सांगून तू आठ दिवस मागितलेस. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी सगळ्यांसमोर तडकलो, "काऊन अडवून राहिली? कोनाचं काय बिघडून राहिलं?"

तू स्क्रीनकडे एकदा पाहिलंस, माझ्याकडे वळवायचं सोडून तो बंद केलास आणि म्हणालीस, "ज्याचं नाव आहे त्याचं, काका."

उद्घाटन पुढे गेलं. आठ दिवसांत तू लिंकमध्ये फक्त एक निरर्थक आकडा ठेवलास, एकदाच चालणारा, पाच मिनिटांनी बाद होणारा. बाकीची माहिती दोन्हीकडचे सर्व्हर आपसांत, कुलूपबंद करून, देऊघेऊ लागले. त्यातली हुशारी मला तेव्हा कळली नाही. 'कामात दिरंगाई करते' असं मी अध्यक्षांना लिहिलं आणि तुझा करार वाढला नाही. जाताना तू सगळे पासवर्ड बंद पाकिटात माझ्या हाती दिलेस. तक्रार केली नाहीस.

मागच्या रविवारी, लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी, आमच्या लेकीने, गुंजनने, मला आणि तुझ्या प्रेमिलाकाकूला समोर बसवलं. कॉलेजच्या शिबिरात तिला सिकलसेल निघाला होता, आणि आम्हाला सांगायचा धीर तिला इतकी वर्षं झाला नव्हता. सोनिकाताईला माहीत होतं, म्हणाली. त्या दिवशी स्क्रीनवर तिचंच नाव होतं. तू तिला फोन करून सांगितलंस, "माझ्याकडून कोणालाच कळणार नाही. घरी तू सांगशील तेव्हाच कळेल."

बेटा, तेव्हा स्क्रीनवरच्या त्या नावाकडे नुसतं बोट दाखवलं असतंस तर मी जागीच गप्प झालो असतो. तुझी नोकरीही राहिली असती. माझा शेरा चुकीचा होता, असं काल मी संस्थेला लेखी कळवलं. त्याची प्रत सोबत आहे.

तुझाच,
खुशालकाका