मोठ्या बोटीचा माणूस

१५ ऑगस्ट १९५८, शुक्रवार. बेलापूर.

झेंडावंदन आटोपलं. जिलबी खाल्ली. निश्चय केला: यंदा समुद्रप्रवास करायचाच. साधासुधा नव्हे, लांबचा. मुंबईहून निघून थेट परदेशी बंदरं. इतकी वर्षं मिठागराच्या कचेरीत कारकुनी केली, आता थोडं जग बघायला हरकत नाही. फोर्टातल्या आगबोट कंपनीला पत्र टाकून माहितीपत्रकं मागवली.

बायजेला सांगितलं. बायकोला आधी सांगितलेलं बरं असतं. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, आधी नामाच्या होडीतून खाडीच्या पल्याड तरी जाऊन दाखवा. हिला स्केल कळत नाही. मी होडीत बसत नाही ते काही भीतीने नव्हे. होडी लहान असते. लहान वाहनात मला करमत नाही. काही माणसं मुळातच मोठ्या बोटीची असतात.

२३ ऑगस्ट, शनिवार.

माहितीपत्रकं आली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. तीन प्रवास आहेत. पहिला मोंबासा आणि झांझिबार. चित्रात माड आणि मचवे. ते आपल्या दारात आहेत, त्यासाठी तिकडे कशाला? दुसरा कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग. तिसरा एडन, पोर्ट सईद, नेपल्स, जिनोआ. नेपल्सला डोंगरातून धूर निघतो, आणि तो म्हणे डेकवर न्याहारी करता करता दिसतो. मला न्याहारीला पेज लागते. विचारून घ्यायला हवं.

संध्याकाळी आय शेजारी येऊन बसली. चित्रं बघितली. मग म्हणाली, या सर्वपित्रीला चांगदेवला बारा वर्सां होतील, तुज्या ध्यानात हाय ना?

ध्यानात आहे. माझा धाकटा भाऊ. मचवा उलटला, बाकीचे पोहत आले, हा खाडीत गेला तो सापडलाच नाही. सापडला नाही म्हणून क्रिया नाही, सुतक नाही. आय रोज तिन्हीसांजेला ओट्यावर खाडीकडे तोंड करून त्याचं ताट ठेवते. आमच्यात रीत अशी, की बारा वर्षं झाली की थोरल्या भावाने भरतीला होडी घेऊन त्या जागी जायचं, नावाने तीन हाका मारायच्या, तिथलं पाणी कळशीत घ्यायचं आणि मागे न बघता घरी आणायचं. मग दर्भाचा माणूस करून पुढची क्रिया होते. भाऊ नसेल तरच आईने जायचं.

मी म्हटलं, आय, तू काळजी सोड. परदेशी बोट मुंबईहून निघाली की आपल्या खाडीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथूनच जाणार. मी डेकवरून हाका मारीन. उंचावरून आवाज लांब जातो. फक्त कळशीला दोर किती लागेल ते कंपनीला विचारायचं आहे.

आयने ते चित्र जवळ ओढलं. धुराचा डोंगर बघत राहिली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा.

सगळा गाव दुपारी भरतीला धक्क्यावर गेला. मी गर्दीत जात नाही. संध्याकाळी एकटा गेलो, लांबूनच नारळ फेकला. ओहोटी होती. नारळ चिखलात पडला आणि शेंडी वर करून तसाच बसला. देवाला भावना पोचली असणार.

परत वळताना तिवरांच्या झाडीतून आवाज आला. ‘दादा.’ एकदाच.

पाणकोंबडी असावी. या दिवसांत पाणकोंबड्या फार ओरडतात. घरी आल्यावर बायजेला सहज विचारलं, पाणकोंबडी साधारण काय ओरडते? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तिन्हीसांजेला पाण्याकडून हाक आली तर ओ द्यायची नाय, दिली की हाक मारणारा घरापर्यंत येतो, एवढं तुमाला ठावं हाय ना? म्हटलं, मी मॅट्रिक आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार.

सी-सिकनेसची तयारी सुरू. माळ्याला दोर बांधून पाट लटकवला आणि त्यावर बसून झोके घेतले. चार झोक्यांत दोन्ही वेळचं जेवण बाहेर आलं. आता सुरुवात तर झाली. दुपारी पाय बादलीत सोडून बसलो. पाण्याची सवय. पाच मिनिटं ठीक वाटलं. मग बादलीत तळ दिसेना. पाणी स्वच्छ होतं, मीच भरलेलं, पण तळ दिसेना. पाय काढून घेतले. बादली जुनी झाली आहे, बदलली पाहिजे.

निश्चय: रोज बादली. उद्यापासून नको, सोमवारपासून.

९ सप्टेंबर, मंगळवार.

एक छोटीशी गोष्ट घडली. नोंद करून ठेवतो, महत्त्व काही नाही.

कचेरीतून येऊन ओट्यावर खुर्ची टाकून नेपल्सचं पान वाचत होतो. डोळा लागला. कोणीतरी हाक मारली. मला वाटलं, चहा झाला. मी म्हटलं, ‘ओ!’

चांगली खणखणीत ओ. समोरच्या अंगणात ऐकू गेली असेल.

डोळे उघडले तर बायजा दारात पेटती चिमणी घेऊन उभी. चेहरा पांढरा. म्हणाली, मी हाक मारली नाय. आय चुलीपाशी होती, तिनेही मारली नाही. बायजेने कपाळाला हात लावला. म्हणाली, काय केलंत वो हे! मी म्हटलं, अगं, सवयीने निघाली. आय मात्र उठली, चांगदेवचं ताट ओट्याच्या कडेवरून उचललं आणि उंबऱ्याजवळ आणून ठेवलं. तिच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी हसू बघितलं. मला ते बघवेना.

११ सप्टेंबर, गुरुवार.

ओट्यावर ओली पावलं. खाडीकडून येतात आणि उंबऱ्याशी थांबतात. परत गेलेली दिसत नाहीत. हवा दमट आहे.

१४ सप्टेंबर, रविवार.

आजही. डाव्या पावलाला करंगळी नाही. चांगदेवची करंगळी लहानपणी होडीच्या नांगराखाली सापडून गेली होती. गावात करंगळी नसलेली आणखी माणसं असतील. चौकशी करायची.

माझ्या खुर्चीची बैठक ओली. वास चिखलाचा. माहितीपत्रकं रोज पेटीत ठेवतो, रोज ओट्यावर सापडतात, आणि दर वेळी पान तेच. नेपल्सचं नव्हे. बोटीचं मोठं चित्र आहे ना, ते. वरच्या डेकवर अंगठ्याचा चिखल. सूचना काढली की माझ्या कागदांना कोणी हात लावू नये. बायजेला वाचून दाखवली. ती म्हणाली, ज्याला सांगायचं त्याला सांगा.

२१ सप्टेंबर, रविवार.

बायजेने आज तोंड सोडलं. म्हणाली, पाण्यात होता तर पाण्यात होता. तुमी ओ दिलीत, तो बिचारा दारापर्यंत आला. आत येता येत नाय, मागं जाता येत नाय, उंबऱ्याशी तिष्ठत उभा हाय. ज्यानं ओ दिली त्यानंच न्यायला जायचं. नामा होडी द्यायला तयार हाय. दोन घटकांचं काम, नि तुमी कागद चाळत बसलाय!

मी शांतपणे समजावलं, की एवढा मोठा निर्णय घाईत होत नाही. नेपल्स की सिंगापूर हेच अजून ठरलेलं नाही. ती ताडकन उठून गेली.

आयचं वेगळंच. रोज उंबऱ्याशी बसून हळू आवाजात कुणाशी तरी बोलते. यंदा मीठ कसं पडलं, गोजरा मावशीची सून कशी आहे. मी कचेरीतून आलो की गप्प होते. उंबरा ओलांडताना मी हल्ली थोडा अंग चोरून जातो. जागा कमी पडते.

५ ऑक्टोबर, रविवार.

सर्वपित्री पुढच्या रविवारी. नेमकं शनिवारी मुंबईला नेपल्सची बोट लागते आहे. पास काढला की आत जाऊन बघता येतं. आधी बोट बघावी, मग बाकीचं. आयला म्हटलं, रविवारी भरतीच्या आत परत येतो, वेळ आली तर नामाच्या होडीतही बसेन. सहज बोललो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, येशील ना बाला? म्हटलं, येणार म्हणजे येणार.

११ ऑक्टोबर, शनिवार. मुंबई, मावसभाऊ देवजीच्या खोलीवर.

गावचे लोक खाडीतून मचव्याने येतात. मी पनवेल, ठाणे असा मोटारीने फिरून आलो. अर्धा दिवस जातो पण देखावा चांगला असतो.

आगबोट कंपनीचं ऑफिस थंडगार. काउंटरवरच्या साहेबांनी खुर्ची दिली. हाका मारण्यापुरती बोट जरा हळू करता येईल का, असं विचारलं. ते कळशीचं ऐकून दोनदा चष्मा पुसून बसले. मग विचारलं, किती पॅसेंजर? मी म्हटलं, दोन. मिसेस बरोबर? मी म्हटलं, नाही, भाऊ. खालचा बर्थ त्याला द्या, तो झोपेत लोळतो.

हे कसं तोंडून गेलं कळलं नाही. बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो. चांगदेव धक्क्यावर बसून लांबचे बोटींचे दिवे बघायचा. म्हणायचा, दादा, आपन एकदा त्या मोठ्या बोटीत बसू, आपन मोठ्या बोटीची मानसं! मी त्याला वेडा म्हणायचो. त्याची फार आठवण आली. भर रस्त्यात डोळे भरले. धूळ फार आहे या शहरात.

दुपारी धक्क्यावर गेलो. बोट खरंच मोठी. मान मोडेल इतकी. पास दाखवला आणि शिडीवर चढलो. मधोमध पोचलो तेव्हा खाली बघितलं. धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी होती. काळी, अरुंद. बादलीएवढीच रुंद. तळ दिसत नव्हता.

तिथून आवाज आला. ‘दादा.’

शिडीचा कठडा मी धरला तो सुटेना. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागून हमाल ओरडू लागले. एक मडम हॅट सांभाळत म्हणाली, कुणीतरी या माणसाला हलवा. शेवटी दोन खलाशांनी बोटं एकेक सोडवून मला उलटं खाली आणलं. ऊन फार होतं. उन्हाने असं होतं.

देवजीने सोडा पाजला. उद्या पहिल्या मोटारीने निघायचं. भरती दुपारी आहे. वेळेत पोचतो.

१२ ऑक्टोबर, रविवार. सर्वपित्री.

पहिली मोटार चुकली. म्हणजे मोटार होती. मी थोडा चहा घेत बसलो होतो.

पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. ओट्यावर कळशी. पाण्याने भरलेली, वर केळीचं पान. आय न्हाऊन बसली होती, पांढरे केस ओले. या वयात होडीत चढताना तिचा गुडघा फुटला होता, बायजा त्याला हळद लावत होती. नामा म्हणाला, म्हातारी होडीत उभी राहून ओरडली, तीनदा. आवाज पल्याडच्या डोंगरावर गेला. मग कळशी मांडीवर घेऊन आली, एकदाही मागं बघितलं नाय.

मी म्हटलं, आय, थांबायचंस ना, मी आलोच होतो. मोटारीने उशीर केला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला पाणी दिलं, बस म्हणाली, उन्हातून आलास. मग साध्या आवाजात म्हणाली, भाऊ नसला की आयनं जायचं असतं.

तिन्हीसांजेला तिने ताट ठेवलं नाही. ओटा कोरडा. खुर्ची कोरडी. माहितीपत्रकं पेटीत ठेवली होती तिथेच आहेत. तिवरांत पाणकोंबडीसुद्धा ओरडली नाही. बायजा आडवी झाल्याबरोबर झोपली.

उंबरा ओलांडताना आजही अंग चोरलं. गरज नव्हती.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

रजा टाकली. कारण: प्रवास.

दिवे लागायच्या सुमारास धक्क्यावर गेलो. नामाची होडी होती. तीत बसलो. हो, बसलो. दोन्ही पाय आत, हात कडेवर, पाठ सरळ. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलं होतं आणि होडी चिखलात रुतलेली होती. तरी होडी ती होडी.

तोंड खाडीकडे केलं आणि हाक मारली. चांगदेव. मग जरा मोठ्याने, चांगदेव. तिसऱ्या वेळी आवाज फुटला, पण मारली. कान देऊन बसलो. कोणी ओ दिली नाही.

मग मीच दिली. ओ. चांगली खणखणीत. हाक कोणी मारली नव्हती.

मागे नामा येऊन उभा होता. किती वेळ ते ठाऊक नाही. म्हटलं, बैठक तपासतोय, परदेशी बोटीच्या मानाने जरा अरुंद आहे. तो हसला नाही. म्हणाला, जयदेवदादा, बसूनच राहा, घटकाभरानं पानी वलंल, मी नेतो. त्या जागेपर्यंत नेतो. म्हटलं, हो, उत्तम, आज जाऊच. तो वल्ही आणायला घरी गेला.

बराच वेळ बसलो. काळोखात पाणी वळल्याचा आवाज आला. चिखलातून एक बारीक धार होडीकडे यायला लागली.

ती पोचायच्या आत उतरलो.