डाव्या मुंढ्यात उजवी बाही

आधी तक्रार, मग बाकीचं. माझ्या तोंडात दात नसताना या घरात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हे मी आता सगळ्यांना लिहूनच देणार आहे. रविवारी तुझा फोन आला तेव्हा माझे दात पेल्यात होते. तुझ्या बापाने फोन स्पीकरवर टाकला. तू म्हणालीस, नोकरी सोडते आणि महिनाअखेरीला घरी येते. बाप म्हणाला, शहाणी माझी पोर. तुझी आई लगेच डोळे पुसायला लागली. मी उठून पेल्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही फोन ठेवून मोकळे. वर तुझा बाप म्हणतो, आईसुद्धा काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलंय. मी आजवर गप्प बसून कशाला होकार दिलाय का, तूच सांग.

प्रिय भुणभुणे,

आता चहा घे, खुर्ची ओढ आणि वाच. माझं अक्षर लावायला वेळ लागतो, म्हणून घाई करू नकोस. मी चौथीत शाळा सोडली तेव्हा ते जसं होतं तसंच ठेवलंय, उगाच वापरून झिजवलं नाही.

दात नवे आहेत. दातांचा डॉक्टर त्याला सेट म्हणतो. सेट आणला, सेट घातला, आणि घरी पाठवताना म्हणतो कसा, आजी, सेट अजून सेट व्हायचाय. मला तिथे खुर्चीत आडवं पडल्या पडल्या तू आठवलीस. तो तोंडात बोटं घालून बसला होता म्हणून, नाहीतर सांगितलं असतं त्याला, की आमची नात इंग्रजी शब्दांचा मोठा कोश करतात त्या कचेरीत आहे आणि वर्षभर तुझ्या या एका शब्दाला घेऊन बसली आहे.

तू मागच्या सुट्टीत माझ्या कापड बेतायच्या टेबलावर पाय हलवत बसून सांगितलंस तेव्हापासून मला तो शब्द जिथे तिथे भेटतो. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. तुझी आई केस सेट करून आली आणि दोन दिवस उशीला डोकं टेकेना. टीव्हीचा सेट बिघडला. गजराचं घड्याळ सेट करायचं राहिलं म्हणून तुझ्या बापाला उशीर झाला, आणि त्याने त्याचं खापर जेलीवर फोडलं, कारण तुझी आई रात्री ती सेट झाली का ते बघत बसली होती. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तुझ्या बापाचं पालुपद, पोरगी एकदाची सेट झाली पाहिजे. जेली काय नि पोरगी काय, दोघींना थंड जागी ठेवून द्यायचं आणि हलवायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक.

तू मला त्या शब्दाचं कूळ सांगितलं होतंस. इंग्रजीत सिट म्हणजे बसणं, तो आणि सेट एकाच घरचे. एक आपला आपण बसतो, दुसरा दुसऱ्याला बसवतो. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच होय. आपण दात बसवतो, हाड बसवतो, नाटक बसवतो, कपड्याची घडी बसवतो, पोरांना धाक बसवतो. एका शब्दाला वर्ष कशाला लागतं, आणि पगार कोण देतं. तू चिडलीस, पण पेन्सिल काढून ते सगळं उतरवून घेतलंस आणि म्हणालीस, बाकीचं बरंचसं जमतं आजी, पण धाक काही सेट करता येत नाही इंग्रजीत. मग त्यांची पोरं वळणावर कशी येतात, देव जाणे.

पण पुढचं तू सांगितलंस ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कपबशांचा सेट, माणसांचा सेट, तो म्हणे निराळाच शब्द. भलत्याच भाषेतून चालत आला, त्याचा मूळ अर्थ कुणाच्या तरी मागून चालणारे लोक, टोळकं. तोंडावळा सारखा झाला, लोकांनी दोघांना एकाच नावाने हाक मारली आणि पुढे त्यांचं त्यांनाही कळेना कोण कुठला. तू सांगत होतीस तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लहानपणी एखादा नवा शब्द सापडला की तो तोंडात घोळवत घरभर भुणभुणत फिरायचीस, तसाच. मला त्यातलं अर्धं कळलं. उरलेलं अर्धं मी तुझ्या आईकडे बघून समजून घेतलं. ती आणि मी दोन वेगळ्या घरांतून आलो, आडनाव एकच झालं, आणि आता टपालवाल्याला कळत नाही कुणाचं पाकीट कुणाला द्यायचं.

तुझ्या बापाला हे काहीच दिसत नाही. त्याचं दुःख वेगळं. चारचौघांत विचारतात, मुलगी काय करते, तर काय सांगू, एका शब्दावर बसली आहे म्हणून सांगू? तुझ्या मोठ्या बाईंनी, त्या कोश करतात त्यांनी, आधीचे दोघं ज्या शब्दाला घाबरून पळाले तो तुझ्या हातात दिला, याचं त्याला काही नाही. त्याने कोपऱ्यावरच्या विमा कचेरीत तुझ्यासाठी शब्द टाकलाय. पंखा आहे, खिडकी आहे, जेवायला घरी येता येतं. मी विचारलं, काम काय. तर म्हणाला, काम काहीतरी असेलच.

यावरून नर्सच्या कोटाची गोष्ट सांगते. तुला ती कुणी सांगितली नसणार, कारण तुझ्या आईने सगळ्यांना शपथ घातली आहे.

मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या नर्सचा ड्युटीचा कोट अर्धा शिवून पडला होता. बाह्या बसवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तुझी आई म्हणाली, तुम्ही खुर्चीत बसून सांगा, मी मशीन चालवते. आता बाही बसवणं म्हणजे काय ते तुझ्या आईला काय ठाऊक. खांद्याशी जी गोल खाच असते तो मुंढा. बाहीचा घेर त्याच्याहून थोडा जास्तच असतो, आणि ते जास्तीचं कापड एक चुणी पडू न देता जिरवायचं असतं. पुढची बाजू जरा खोल कापलेली, म्हणून बाहीला डावं उजवं असतं. तुझ्या आईने मन लावून शिवलं हो. चुणी नाही, धागा नाही, इस्त्री केल्यावर मीसुद्धा फसले. फक्त तिने डावीच्या मुंढ्यात उजवी बसवली आणि उजवीच्या मुंढ्यात डावी.

नर्स तो घालून कामावर गेली. संध्याकाळी जिना चढताना दिसली ती दोन्ही हात मागे खेचून, पाठीमागे कुणाचं तरी सामान धरून निघाल्यासारखी. म्हणाली, आजी, कोट छान झालाय, पण दिवसभर पुढचं काही उचलवत नाही. दवाखान्यात सगळे म्हणाले, काय सुरेख बसलाय. आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो, आणि तुझी आई पळाली स्वयंपाकघरात.

तर पोरी, चुकीच्या मुंढ्यात बाही बसत नाही असं नाही. बसते. शिवण स्वच्छ येते, बघणारे वाहवा करतात. घालणाऱ्यालाच कळतं. तू त्या विमा कचेरीत उत्तम बसशील. तुझा बाप चारचौघांत छाती फुगवून सांगेल. आणि तू दोन्ही हात मागे खेचून जिना चढशील.

तुझ्या बापावर रागावू नकोस मात्र. तो वाईट नाही, भित्रा आहे. तू गेल्यापासून तुझ्या खोलीतला दिवा संध्याकाळी तोच लावतो आणि विचारलं तर म्हणतो, बल्ब टिकतो का ते बघतोय. त्याला तू हवी आहेस. ते तोंडाने म्हणवत नाही, म्हणून दुसऱ्याचं नाव पुढे करतो.

ते दुसरं कोण, ते मला काल कळलं. तुझ्या आईला धरून बसवलं तेव्हा तिने सांगितलं. तुझ्या बापाने तुला कळवलं होतं, आजीचा हात गेला, तिला चमचा धरता येत नाही, तिच्याकडे बघायला घरात माणूस लागतं. म्हणून तू तो शब्द टाकून निघालीस, आणि मला सुगावा लागू दिला नाहीस. म्हणजे मी ज्या विमा कचेरीवर इतकी पानं तोंड सोडलं, तिथे तुला ढकलणारी मीच की काय. हे मला चालायचं नाही. प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या बापाच्या शर्टाची बाही उसवून पुन्हा बसवली. तो शर्ट घालून तो कामावर जातो आणि तुझ्या आईला म्हणतो, कुठल्या शिंप्याकडे दिलास, हात चांगला आहे त्याचा. आम्ही त्याला सांगितलेलं नाही. आणि हे सगळं पत्र त्याच हाताने लिहिलंय, मध्ये फक्त दोनदा थांबून, तेही चहासाठी. आता ते घेऊन तुझ्या मोठ्या बाईंकडे जा आणि राजीनामा परत माग. याचं उत्तर तू लिहायचं नाहीस, तू मला बरं वाटावं म्हणून काहीही लिहिशील. पोरगी आपल्या टेबलाशी बसली आहे आणि काम पुढे चाललंय, असं उत्तर तुझ्या मोठ्या बाईंनी स्वतः लिहायचं, खाली सही करून.

तुझीच,
धडधाकट आजी