ताईनं मला वर पाठवलं

बाबूजी, तुम्हाला सांगते, ताई आणि मी परदेशात जाऊन आलो. माझी लेक तिकडे हॉलंडात नोकरीला आहे, तिनं बोलावलं, आणि ताईनं एकदाही आढेवेढे न घेता हो म्हटलं. परत येऊन तीन आठवडे झाले. तेव्हापासून माझं कशात मन लागत नाही. सौंसरचं घर तेच आहे, समोरच्या खोलीत ताईच्या शिवणवर्गाच्या पोरी तशाच खिदळतात, आणि मी भाजी फोडणीला टाकून ती करपेपर्यंत अंगणात फेऱ्या मारत राहते. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून आले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण जे सांगायचं आहे ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

ताई आता चाकाच्या खुर्चीत असते. तुमच्या वेळी ती पायाला कॅलिपर बांधून कुबड्यांवर चालायची, तसंच चालून चालून तिचे खांदे गेले. डॉक्टर म्हणाले, आता निदान हात वाचवा. नवरा गेल्यावर मी पांढुर्ण्याहून इथं तिच्याजवळ राहायला आले होते, म्हणून खुर्ची मीच आणली. वाटलं, ती रडेल. ती बसली, अंगणात एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "हे आधीच काहून नाही आणलं?" रडले मी.

तुम्हाला नागपूरची सहल आठवते का? थंडीत तुम्ही दरवर्षी इतिहास शिकवायला नववीचा वर्ग तिकडच्या संग्रहालयात न्यायचात. त्या वर्षी आम्हा दोघींनाही घेतलं. ताई सोळाची, मी बाराची. समोर उंच पायऱ्या. मी पोरींबरोबर पळत वर गेले, सगळं भराभर पाहिलं, आणि मागे वळून बघते तर तुम्ही पायऱ्या चढताय. कमरेत वाकलेले, पाठीवर ताई, तिचे कॅलिपर तुमच्या मांड्यांवर खणखण आपटताहेत. दारावरच्या माणसानं हात जोडले. म्हणाला, "बाप असावा तर असा." तुम्ही तिला तसंच सगळ्या दालनांतून फिरवलं. नंतर दोन दिवस तुम्हाला उठता येत नव्हतं, आई पाठ शेकत होती. आणि येताना बसमध्ये मला शेजारी बसवून, आवाज न चढवता तुम्ही म्हणालात, "तुझ्या बहिणीला जे पाहता येत नाही, ते तू एकटीनं पाहायचं नाही. समजलं?"

मला समजलं, बाबूजी. फारच समजलं. कॉलेजच्या सहलींना मी गेले नाही. लग्नानंतर नवऱ्यानं हौसेनं पचमढीला नेलं, तिथं सगळे दरीत धबधबा बघायला उतरले आणि मी डोकं दुखतं म्हणून वर गाडीत बसून राहिले. तेव्हा ताई तर सौंसरला होती. तिला त्यातलं काही माहीतही नव्हतं. तुमच्यावर कधीतरी रागवावं असं मनात येतं, पण ती वाकलेली पाठ दिसते आणि राग तिथंच अडतो.

हॉलंडातली मोठी संग्रहालयं सोयीची होती. लिफ्ट, उतार, कुठे दार अरुंद असलं तर किल्ली घेऊन धावत येणारा माणूस. पहिले दोन दिवस मी खुर्ची अशी ढकलत होते की शेवटी ताईच ओरडली, "काय धावून राहिली तू? बस सुटून राहिली का?" तिसऱ्या दिवशी लेक ऑफिसला गेली आणि आम्ही दोघीच कालव्याकाठच्या एका लहान संग्रहालयात गेलो. जुन्या व्यापाऱ्याचं घर. खाली जुने कपडे मांडलेले, आणि वरच्या मजल्यांना शिडीसारखा उभा जिना. लिफ्ट नाही. तिकिटाच्या टेबलावरची मुलगी तीनदा माफी मागते. मी ताईला सांगते, "जाऊ दे, वर काही खास नाही." ताई म्हणते, "तुले काय मालूम?"

खाली काचेच्या कपाटात एका लहान मुलीचा शेकडो वर्षांपूर्वीचा झगा होता. बरोबर ताईच्या डोळ्यांसमोर. तिनं मला वाकायला लावलं. "हे पाह्य, बगलेत मांगून वेगळा तुकडा जोडून कळी घातली हाय. पोर वाढली, मायनं झगा वाढवला." मला उभ्यानं ते कधीच दिसलं नसतं. मग तिनं तिथल्या पांढऱ्या केसांच्या राखणदार बाईला बोलावलं आणि हवेत बोटांनी कळी कापून, शिवून दाखवली. ती बाई चष्मा लावून खाली बसली, काचेला नाक लावलं, आणि 'ओह' म्हणून ताईच्या दंडाला धरलं. मग स्वतःसाठी स्टूल घेऊन आली.

"आता तू जा वर," ताई म्हणाली.

"नको. तुला सोडून कुठं जाऊ?"

"मले बाबूजींनी पाठीवर नेलं होतं, आठवते तुले? मले विचारलं होतं का कोणी? सोळा वर्षांची होती मी. झगा वर सरकला होता आन मांगून त्यांच्या वर्गातले पोरं येत होते. मी डोळे मिटून होती. एक मूर्ती नाही पाहिली त्या दिवशी."

ती हे रागानं बोलली नाही. वर असंही म्हणाली, "बाबूजींचा जीव होता माह्यावर. मी नाव नाही ठेवून राहिली." मग मी तिला तुमचं बसमधलं बोलणं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती बघतच राहिली माझ्याकडे.

"असं म्हणले? आन तू ऐकलं?"

"ऐकलं."

"माय वं," ती म्हणाली. "माह्या नावानं खाली बसू नको आता. मले त्याचं ओझं होते."

मी गेले. जिन्याला कठड्याऐवजी बांधलेल्या दोरीला धरून चढले, सगळ्या खोल्यांतून पळाले आणि पाच मिनिटांत घामाघूम होऊन खाली आले. ताईनं विचारलं, "काय पाहिलं?" मी म्हटलं, "खोल्या." "किती?" मला सांगता येईना. "मंग पुन्हा जा," ती म्हणाली, अगदी वर्गातल्या पोरीला उसवून पुन्हा शिव म्हणते तशी. "आन घाई नको करू. ह्या बाईसंग माहं काम सुरू हाय."

दुसऱ्यांदा मी सावकाश चढले. वर एका खोलीत चुलीभोवती निळ्या चित्रांच्या फरशा बसवल्या आहेत, प्रत्येकीवर एक खेळणारं पोर. कोणी चाक पळवतं, कोणी पतंग उडवतं, एक नुसतंच कोलांटी घेतं. मी एकेक पाहते. भिंतीतल्या कपाटात पलंग आहे, त्याला दारं आहेत. आणखी वर माळा, तिथल्या खिडकीतून लाल कौलं, कालवा, सायकली. मी तिथल्या बाकावर बसले. पायाशी ऊन आलं होतं.

खाली आले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. ताई त्या बाईला कागदावर कळी कशी कापायची ते काढून देत होती. ट्राममध्ये मी तिला फरशा सांगत बसले, एकेक पोर, आणि ती मध्येच विचारायची, "टोपी होती का त्याले?"

पत्र घडी करून डब्यात ठेवीन, पाठवायचं तरी कुठं. ताईला वाचून दाखवता आलं असतं, ती पलीकडच्याच खोलीत आहे. दाखवणार नाही. कारण त्या दिवशी ट्राममधून उतरताना मी तिला म्हटलं होतं की वर सारखी तुझीच आठवण येत होती. ते खोटं होतं, बाबूजी. त्या पाऊण तासात ती मला एकदाही आठवली नाही.