लंडनच्या पिढ्या आणि आपली बिद्रीकरीण

नेसरी

ती. रत्नमालाअक्कास,

धाकट्या पिराजीचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. कोल्हापुरात तुझा गुडघा कसा आहे? (राण्यांची चरित्रं बसून लिहायची असतात, मग गुडघा कशानं दुखतो, असं तुझी भावजय विचारते. मी विचारत नाही.) व्हिक्टोरिया राणीवरची तुझी नवी कादंबरी घरात सगळ्यांची वाचून झाली. तू माणसाला राजवाड्यात असं नेऊन बसवतेस की इकडे गॅसवरचं दूध उतू जातं. चुलतभाऊ म्हणून नव्हे, वाचक म्हणून सांगतो, मला तुझा फार अभिमान वाटतो.

तो अभिमानच काल नडला. माझ्या पोराला, विश्वजितला, बिद्रीची तेजस्वी पसंत आहे (त्यांचं मोबाईलवर आधीच ठरलं होतं, आम्ही जाऊन फक्त पोहे खाल्ले). काल तिच्याकडची माणसं बैठकीला आली. तिचे आजोबा ज्ञानूआबा आपल्या पै-पाहुण्यांची चौकशी करू लागले आणि मला राहवलं नाही. आमच्या अक्काला लंडनच्या राजघराण्याच्या पिढ्या तोंडपाठ आहेत, असं म्हणून मी कपाटातून तुझी सगळी पुस्तकं काढली आणि व्हिक्टोरियाचा नवरा तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा, इथपर्यंत सांगत गेलो. आबांचा अडकित्ता थांबला. म्हणजे त्या गड्यानं आत्तीची पोरगी केली, आमच्यात हे चालत नाही, असं ते म्हणाले. आता राणीचं लग्न मी जमवलं होतं का? तरी मी तिची बाजू घेऊन बराच वेळ भांडलो.

मग आबा शांतपणे म्हणाले, "लंडनचं ऱ्हाऊ द्या, पावणं. तुमच्या पणजीचं म्हायेर कुठलं? नाव काय तिचं?"

अक्का, पुस्तकं मांडीवर आणि मी आतल्या दाराकडे बघतोय. आपल्या घरात कुणालाच ते माहीत नाही. शेवटी आतून बयाआत्ती (हिला ऐकू येत नाही, असं आपण समजतो) म्हणाली की तिला सगळे बिद्रीकरीण म्हणायचे. माहेरच्या गावावरून हाक मारत गेले आणि नाव कधी गेलं ते कळलं नाही. मला वाटलं, झालं काम, बिद्रीशी जुनं नातं निघालं. पण आबा उठले आणि टोपी घालत म्हणाले, "आमच्या गावची लेक तुमच्यात नांदून गेली आन् तिचं नाव कुणाला ठावं न्हाय. आता दुसरी कशी द्यायची?"

मला फार लाज वाटली. विश्वजित कालपासून जेवलेला नाही. बाकी ठीक.

तुझा,
पिराजी

ता. क. तुझ्या पुस्तकात राणीच्या कुत्र्याचंही नाव असतं. आपल्या पणजीचं शोधून दे. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. नाहीच सापडलं तर एखादं शोभेलसं ठेव. कादंबरीत तू ठेवतेसच.

ता. क. वरचं खोडलं असं समज. विश्वजितनं ते तेजस्वीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोटं नगं. खरं नाव मिळंस्तवर मी थांबते की." तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, पत्र मिळताच बिद्रीला ये.